आठशे तेरावं नाव

मतदानाच्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तानाजी शेळक्यानं कोरलेला बांध साऱ्या गावासमोर उघडा पडला, आणि गुरुजींच्या हातातलं ते सरकारी यंत्र नेमकं काय करतं ते तेव्हा कुठं बोरजाईच्या लोकांना कळलं.

तानाजी म्हणजे पिळदार मिशांचा गडी, कुणाच्या बापाला न भिणारा. मतदानाचं विचारलं की "बघू, अजून ठरवलं न्हाई" एवढंच म्हणायचा. दोनच्या ठोक्याला त्याच्या शेजारच्या रानाचा मालक धोंडीबा साळे याच्या मोबाईलवर दोन ओळी आल्या. 'श्री. तानाजी शेळके यांनी अद्याप मतदान केलेले नाही. आपण त्यांना एकदा विचाराल का?' धोंडीबा म्हणजे अगदी गरीब गाय. सरकारचा निरोप आला म्हणून बिचारा टोपी घालून तानाजीच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तानाजीराव, मत दिलंसा का?"

तानाजीचं तोंड विटेसारखं झालं. चपला घालायचं विसरून तो शाळेकडं निघाला, मत देऊन आला, आणि येताना चार लोकांत म्हणाला, "धोंडीबा, उद्या टेप घेऊन ये. बांध मोजून घेऊ. दोन हात तुज्या रानात सरकलाय."

गावाला सुतावरून स्वर्ग गाठायला वेळ लागत नाही, आणि या खेपेला स्वर्ग नेमका जागेवर निघाला. अडीचपर्यंत तीन सासवांना सुनांबद्दलचे निरोप आले होते, एका पुतण्याला चुलत्याबद्दलचा, आणि सलूनवाल्या पोपटला खुद्द सरपंचांबद्दलचा. ज्याच्यासमोर ज्याची मान खाली जाते, त्यालाच यंत्र विचारायला पाठवत होतं. सरपंचांनी पोपटचं नेमकं काय केलं होतं यावर पारावर पैजा लागल्या. तीन वाजायच्या आत गावानं यंत्राचं बारसंही उरकलं. सरकारी नाव 'मतप्रेरक', गावाचं नाव 'लाजाळू'.

शाळेच्या आवारात लिंबाखाली टेबल टाकून बसलेले जयसिंग कुंभार गुरुजी हे सगळं ऐकून चारचौघांबरोबर हसले. गुरुजी या शाळेचे मुख्याध्यापक आणि वीस वर्षांपासून गावचे बीएलओ, म्हणजे मतदार यादीचे राखणदार. नवं नाव घालायचं, गेलेल्याचं काढायचं, दारोदार जाऊन पडताळायचं, हे त्यांचं काम. ते हसले खरे, पण दोन वाजता त्यांच्याही मोबाईलवर दोन ओळी आल्या होत्या. त्या वाचून त्यांनी मोबाईल टेबलावर पालथा घातला होता.

यंत्रामागचं शास्त्र तसं सोपं आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला चेहऱ्याच्या कातडीखाली रक्ताची एक बारीक लाट येते आणि कातडीचा रंग किंचित बदलतो. माणसाच्या डोळ्याला तो बदल दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. हात न लावता नाडी मोजायला डॉक्टर ही युक्ती कधीपासून वापरत होते. मग काही संशोधकांच्या लक्षात आलं की ओळखीच्या माणसाचं नाव आणि फोटो समोर आला की दीड सेकंदानं गालांकडं आणि कानांच्या पाळ्यांकडं जाणारं रक्त कमीजास्त होतं, आणि साठ नावांत एखादंच नाव असं असतं की तिथं ते उसळतं. हसू दाबता येतं, रडू गिळता येतं. कानाची पाळी मात्र कुणाचं ऐकत नाही.

पुढचा शोध त्याहून साधा होता. त्या एका माणसानं नुसतं "मत दिलंत का?" असं विचारलं, की तळ्यात-मळ्यात करणारी शंभरातली नव्वद माणसं उठून मतदानाला जातात. अमक्याला मत द्या असं यंत्र सांगत नाही, की धमकीही देत नाही. पंचवीस वर्षं भिंती रंगवून, प्रभातफेऱ्या काढून जे झालं नाही ते दोन ओळींत होऊ लागलं. पोटासाठी बाहेरगावी गेलेल्यांनाही आता तिथूनच मत देता येत होतं, त्यामुळं कारणं सांगायची सोयही राहिली नव्हती.

सुगीच्या आधी गुरुजी ते यंत्र, म्हणजे पडदा आणि कॅमेरा असलेली एक पाटी, घेऊन घरोघर फिरले होते. जे जे "बघू" म्हणाले त्यांना त्यांनी समोर बसवलं आणि सांगितलं, "काही नाही, गावातली माणसं ओळखता का तेवढं बघायचंय." पडद्यावर साठ फोटो सरकले आणि कॅमेऱ्यानं आपलं काम केलं. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं, पण गुरुजी सांगतायत म्हटल्यावर वाचतो कोण? सगळ्यांनी अंगठा टेकवला. हे बरोबर नाही असं गुरुजींना तेव्हा एकदा वाटलं होतं. वरून आलेलं काम आहे असं म्हणून त्यांनी ते वाटणं बाजूला सारलं. तशी सवय त्यांना होती.

सव्वाचारला नायब तहसीलदारांचा फोन आला.

"गुरुजी, आठशे तेरापैकी आठशे बारा! जिल्ह्यात पहिलं शंभर टक्के केंद्र तुमचंच होणार. एक बाई तेवढी राहिलीय, रेश्मा ऐवळे. तिच्या नावापुढं विचारणारा म्हणून तुमचं नाव दिसतंय. अजून गेला नाहीत?"

"जातोय साहेब."

"जातोय काय? उठा! मेमध्ये निवृत्ती ना तुमची? कलेक्टरांच्या हस्ते सत्कार झालाच म्हणून समजा."

गुरुजींनी पालथा मोबाईल सुलटा केला. 'श्रीमती रेश्मा ऐवळे यांनी अद्याप मतदान केलेले नाही.' पंधरा वर्षं ज्या घराच्या गल्लीतून ते शक्यतो गेले नव्हते, त्या घरात आता जायचं होतं. पाटी घेऊन फिरतानासुद्धा या एका घरी त्यांनी अंगणवाडीच्या बाईंना पाठवलं होतं.

पंधरा वर्षांपूर्वी असंच यादी पडताळायचं काम होतं. टळटळीत ऊन होतं. गुरुजी बाबूच्या चहाच्या टपरीवर यादी उघडून बसले आणि समोर बसलेल्यांना एकेक नाव विचारू लागले. हा आहे का, ती आहे का, म्हातारा जिता आहे का. रेश्माचं नाव आलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, "ती कुठली हितं? नवऱ्यानं नेली की." गुरुजींनी नावापुढं 'स्थलांतरित' असं लिहिलं. घराला भेट दिली, दारावर नोटीस लावली, दोन साक्षीदारांसमोर पंचनामा केला, अशा तिन्ही रकान्यांत त्यांनी तिथंच बसून सह्या केल्या. टपरीपासून तिचं घर दोनशे पावलांवर होतं. पण चहा नुकताच समोर आला होता आणि तो निवला असता.

रेश्मा आठ दिवसांसाठी सासरी गेली होती, काडीमोडाच्या बैठकीला. ती कायमची माहेरी परत आली, आणि मतदानाच्या दिवशी हिरवं लुगडं नेसून, पाच वर्षांच्या लेकीला बोटाला धरून रांगेत उभी राहिली. दोन तासांनी आतल्या माणसानं सांगितलं, यादीत नाव नाही. ती बाहेर गुरुजींच्या टेबलापाशी आली. अख्खी रांग बघत होती. खरं सांगायची ती वेळ होती, आणि गुरुजी काय बोलले? तिला बाराखडी शिकवलेल्या आवाजात ते म्हणाले, "नाव वेळेवर तपासायला नको? शाळेतही तुझं असंच होतं, शेवटच्या दिवशी जागी व्हायचीस." रांग हसली. रेश्मा मान खाली घालून म्हणाली, "चुकलं, गुरुजी." आणि लेकीला घेऊन निघून गेली.

तीन महिन्यांनी गुरुजींनी गुपचूप तिचं नाव पुन्हा यादीत घातलं. फिटंफाट झाली असं त्यांनी स्वतःला समजावलं. त्यानंतरच्या कुठल्याच निवडणुकीला ती आली नाही.

चालताना ते मनाशी एक गोष्ट घोकत होते. प्रशिक्षणाच्या वेळी कुणीतरी विचारलं होतं, "मॅडम, रागानंही तोंड लाल होतं की." यंत्रवाल्या मॅडम म्हणाल्या होत्या, "होतं. यंत्राला बहुतेक वेळा फरक कळतो. कधीकधी चुकतं." इथं ते चुकलं असणार. रेश्माला लाज वाटायचं काही कारणच नव्हतं. ती संतापली असणार, आणि संतापलेलीच असू दे, दारातच चार शिव्या घालू दे, म्हणजे सुटलो, असं गुरुजींना मनापासून वाटत होतं.

रेश्मा शिलाई मशिनवर बसली होती. शाळेच्या गणवेशांचा ढीग शेजारी पडला होता. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. गुरुजींना दारात बघताच ती ताडकन उठली आणि तिनं डोईवरचा पदर सारखा केला.

"गुरुजी? या की. तुमी कशाला आलासा? सांगावा धाडायचा न्हाई का?"

"बसत नाही." गुरुजी दारातच उभे राहिले. "रेश्मा, मत दिलंस का?"

तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला, आणि यंत्र चुकलेलं नाही हे गुरुजींनी यंत्राशिवायच ओळखलं. चौथीच्या वर्गात पाढा अडला की ती अशीच लाल व्हायची. त्यात रागाचा लवलेश नव्हता.

"न्हाई दिलं," ती म्हणाली. "धाडसच हुत न्हाई. त्या बारीला माझ्यामुळं तुमाला समद्यांच्या म्होरं बोलायला लागलं. माझीच चूक. येळेवर बगायला पायजे हुतं. आई मरंस्तवर म्हणायची, नवऱ्यानं टाकली ती टाकली, गावच्या यादीतनंबी पोरीनं स्वतःच्या हातानं नाव घालवलं. तवापास्नं शाळेच्या दारात पाय उचलत न्हाई बगा."

गुरुजी दाराच्या चौकटीवरचा हात काढायलाही विसरले. ती त्यांच्यावर चिडलेली असेल, त्यांना विसरली असेल, किंवा खरं कळून गप्प बसली असेल, या सगळ्याची त्यांनी तयारी केली होती. त्यांचं पाप तिनं पंधरा वर्षं आपल्या डोक्यावर वाहिलं असेल, हे मात्र त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"पर तुमी सोता विचारायला आलाय म्हटल्यावर येते," रेश्मा म्हणाली. "थांबा, लुगडं बदलते."

ती आत गेली. बाहेर थांबलेल्या गुरुजींना शरम तर वाटलीच, पण तिच्या बुडाशी एक सुटकाही वाटली, आणि ती सुटका ओळखल्यावर त्यांना स्वतःची किळस आली. आता काही बोलायची गरजच नव्हती. ती चालत येणार, मत देणार, आठशे तेरा पुरे होणार. लाजाळूनं आपलं काम चोख केलं होतं. खरं सांगितलं तर तिची लाज जाईल, आणि लाज गेली तर ती येईलच कशाला? तिला मतदानाला नेणारी दोरी म्हणजे ते खोटंच होतं. मत पडल्यावर सांगू. उद्या सांगू. निवृत्त झाल्यावर एकदा निवांत येऊन सांगू.

रेश्मा बाहेर आली. आत भाकरी थापणारी तिची लेक ईश्वरी चुलीपाशीच राहिली. तिनं गुरुजींना नमस्कारही केला नाही.

"तिचं वय झालं की मतदानाचं," गुरुजी वाटेत काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. "पण यादीत नाव दिसत नाही."

"घालतच न्हाई. म्हणती, तुला परत लावलं तिथं मी कशाला जाऊ? ल्हान हुती, पर माझं बोट धरून हुती न्हवं तवा. ध्यानात ऱ्हायलंय तिच्या."

वाटेत बाबूची टपरी लागली. गुरुजींनी तिकडं न बघता पावलं उचलली. दोघं पुढं गेली.

शाळेच्या फाटकाबाहेर फक्कीची रेघ मारलेली होती आणि रेघेच्या अलीकडं सगळं गाव जमलं होतं. शंभर टक्के होताना बघायचं म्हणून सरपंचांनी पेढे मागवले होते, तानाजीनं हलगीवाला आणला होता. रेश्मा दिसताच "आली, आली!" असा गलका झाला आणि टाळ्या सुरू झाल्या. एवढी माणसं आपल्याकडं बघतायत म्हटल्यावर ती जागच्या जागी थबकली. तिनं हातातली मतदार चिठ्ठी उघडून पाहिली, घडी घातली, पुन्हा उघडली. मग गुरुजींकडं वळून हळूच म्हणाली, "गुरुजी, नाव असंल न्हवं नक्की? या बारीला मी काय चुकले न्हाई न्हवं?"

गुरुजींना ते सोसलं नाही.

"तू त्याही वेळी चुकली नव्हतीस," ते म्हणाले.

"म्हंजे?"

"तुझं नाव मी कापलं होतं. टपरीवर बसून. कुणीतरी म्हणालं तू सासरी गेलीस, मी लिहून टाकलं. घरी आलो नाही. घर बघितलं म्हणून खोटी सही केली."

टाळ्या थांबल्या. मागच्यांनी पुढच्यांना "काय म्हणाले, काय म्हणाले?" असं विचारलं. रेश्मा त्यांच्याकडं बघत होती, जणू हे गुरुजी तिच्या ओळखीचेच नव्हते.

"आनि मग मला बोललासा," ती म्हणाली.

"बोललो."

"समद्यांच्या म्होरं."

"हो."

"मग आता बी समद्यांच्या म्होरं सांगा. मोठ्यानं. मागं ऐकू जाऊ दे."

अठ्ठावन्नाव्या वर्षी, अर्धं गाव ज्यांच्या हाताखाली शिकलं ते कुंभार गुरुजी फाटकाकडं पाठ करून उभे राहिले. घसा खाकरला. वर्गात कधी आवाज चढवावा लागला नव्हता, इथं चढवावा लागला. "रेश्मा ऐवळेची काही चूक नव्हती," ते म्हणाले. "तिचं नाव मी कापलं. घरी न जाता कापलं. आणि तिच्यावर ढकललं." त्यांचे कान पेटल्यासारखे झाले होते. तानाजी शेळक्यानं त्यांच्याकडं बघवेना म्हणून मान फिरवली.

रेश्मानं ऐकून घेतलं. चिठ्ठीची घडी घालून ती कमरेला खोचली आणि घराकडं वळली.

"अगं, मत?" सरपंच ओरडले.

"लेकीला सांगून येते," ती न थांबता म्हणाली.

साडेपाच वाजले होते. सरपंच पेढ्यांचा खोका बगलेत धरून गुरुजींपाशी आले. "गुरुजी," ते अगदी कळवळून म्हणाले, "धा मिनिटांनी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

पंधरा वर्षं गुरुजी स्वतः हेच म्हणत आले होते. पावणेसहाला पाटी वाजली. 'पुन्हा एकदा विचाराल का?' गुरुजींनी ती बंद करून दप्तरात ठेवली. नायब तहसीलदारांचे तीन फोन येऊन गेले. सहाला पाच कमी असताना केंद्राध्यक्ष फाटकापर्यंत येऊन गल्लीकडं बघून गेले. सहाच्या ठोक्याला शिपायानं फाटक लावलं, हलगीवाला हलगी खांद्याला अडकवून निघून गेला, आणि आठशे बारावर बोरजाईचं मतदान संपलं.

सहा वाजून सहा मिनिटांनी रेश्मा गल्लीतून आली. शेजारी ईश्वरी होती. दोघींना घाई नव्हती. गुरुजी एकटेच फाटकाशी उभे होते.

"बंद झालं," ते म्हणाले. पुढं काहीतरी बोलायला हवं होतं, पण त्या फाटकापाशी तिला काहीही सांगायचा अधिकार आपल्याला उरलेला नाही असं त्यांना वाटलं.

"ठावं हाय," रेश्मा म्हणाली. "हिला सांगता सांगता येळ झाला. असू दे. आज नाव हुतं आनि मी आले न्हाई. त्यो माझा इचार."

ईश्वरी आईच्या खांद्याआडून गुरुजींना न्याहाळत होती. गुरुजींनी तिच्या नजरेला नजर द्यायचा प्रयत्न केला आणि त्यांना ते जमलं नाही. ते तिच्या पायांकडं बघत राहिले.

"आई," ती म्हणाली, "नाव कापलं त्ये ह्येच का?"

रेश्मा काही बोलायच्या आत गुरुजी म्हणाले, "हो. तो मीच."